कुठल्या लाईनीत?

मोनाच्या कॉलेजात एक स्पर्धा निघाली. इंग्रजीतला रोजच्या वापरातला एक शब्द घ्यायचा, त्याचे अर्थ किती आणि तो मुळात आला कुठून, हे पाच मिनिटांत स्टेजवर सांगायचं. मोनानं मोठ्या हौसेनं 'सेट' घेतला. डिक्शनरीत त्यानं पानंच्या पानं अडवलेली असतात म्हणे. दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेली तर आणखी चौघांनी तोच घेतलेला. संध्याकाळी ती तोंड पाडून घरी आली, सॅक सोफ्यावर टाकली आणि आजीशेजारी फतकल मारून बसली.

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या त्या घरात संध्याकाळी भाजी निवडायचं काम तानाबाईंचं. सत्तरीला टेकल्या होत्या, पण हात झरझर चालायचा आणि हाताच्या जोडीनं तोंडही. नातीचं गाऱ्हाणं त्यांनी मेथीची जुडी संपेपर्यंत ऐकून घेतलं.

"त्यात रडायचं काय? लाईन घे की."

"लाईन? त्यात काय असतंय आज्जी?"

"काय नसतंय ते विचार. वायरमन खांबावरनं वरडतो, लाईन आली का म्हणून. रेशनच्या दुकानात लाईन. तुझा बाप बॅटरी-इन्व्हर्टरच्या लाईनीत पडला. तुझा तो चुलतभाऊ वाया चाललावता, लगीन झालं आणि लाईनीवर आला. आणि कॉलेजच्या गेटावर मोटरसायकली लावून पोरं मारतात, ती येगळीच."

मोना खदखदून हसली. आतून सुनेचा, वर्षाराणीचा, आवाज आला, "पाईपलाईन राहिली की आत्या. आणि हिचं ते ऑनलाईन. चोवीस तास."

"बघ. घरात बसल्या बसल्या एवढ्या निघाल्या."

मोनाला शब्द पटला. ती त्याच्या मागंच लागली. दोन दिवस मोबाईलमध्ये डोकं खुपसून होती, लायब्ररीतही जाऊन आली. तिसऱ्या दिवशी जेवताना तिच्या पोटात काही मावेना.

"आज्जी, लाईन कशापासून झाली असंल, सांग बघू? जवसापासून!"

तानाबाईंचा घास हातातच राहिला. "कशापासनं?"

"जवस गं. आपल्या चटणीची. लॅटिनमध्ये जवसाला लिनम म्हणायचे. जवसाच्या ताटाचे धागे काढायचे, त्या धाग्याची दोरी ती लिनिया. दोरी ताणून धरली की सरळ रेघ मिळते. गवंडी नाही का ओळंब्याला दोरी लावत? तिथनं दोरीची झाली रेघ, रेघेची झाली रांग, मग तार, मग सगळंच. लिनेनचं कापड त्यातलंच. कोटाला आतनं लावतात ते लायनिंगही त्यातलंच."

"आणि ही जवस आपल्या घरात नावालासुद्धा नाही," वर्षाराणी भाकरी वाढता वाढता म्हणाली. "लग्न होऊन आल्यापासनं बघते. आत्या आणू देत नाहीत."

"उष्ण पडती," तानाबाई म्हणाल्या आणि ताटावरून उठल्या. त्यांची अर्धी भाकरी तशीच राहिली होती. माय-लेकींनी एकमेकींकडं बघितलं.

जवस उष्ण बिष्ण काही पडत नव्हती. कारण दुसरं होतं, आणि ते तानाबाईंनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंही त्यांना वाटत नव्हतं.

मॅट्रिक झाल्यावर त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागल्या होत्या. तेव्हा फोन लावायचा म्हणजे बोट फिरवून भागत नसे. गावाबाहेर बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करायचा आणि घंटा वाजायची वाट बघत बसायचं. तानाबाईंपुढं भोकाभोकांचा उंच बोर्ड असायचा, डोक्यावर हेडफोन, हातात दोऱ्यांसारख्या वायरी. एका भोकातली वायर दुसऱ्या भोकात घातली की कोल्हापूरचा अडत्या मलकापूरच्या व्यापाऱ्याशी बोलायला मोकळा. मलकापूरच्या टोकाला असाच एक लहानसा बोर्ड होता आणि त्याच्यापुढं खैरुनबी बसायची. तिचे वडील खात्यात लाईनमन होते. एका पावसाळ्यात घाटाच्या अंगाला तुटलेली तार जोडताना खांबावरून पडले, ते उठलेच नाहीत. त्यांच्या माघारी खात्यानं लेकीला, खैरूनला, नोकरी दिली.

पहिल्याच दिवशी तानाबाई तिच्यावर डाफरल्या होत्या, "मलकापूर, जरा मोठ्यानं बोला की!"

पलीकडून उत्तर आलं, "पावणं, ह्याहून मोठ्यानं बोलले तर तारंची गरजच लागायची न्हाय. हितनंच ऐकू यील."

तिथून जमलं. दुपारी जेवणं झाली की बाजार सुस्तावायचा, कॉल कमी व्हायचे, सुपरवायझर खुर्चीत पेंगायचे. मग दोघी हलक्या आवाजात बोलत बसायच्या. ड्यूटीवर गप्पा मारायला मनाई होती, पण दोन एक्सचेंजमध्ये लाईन तपासावी तर लागतेच ना! तशी ती रोज तपासली जायची. सासूनं काय म्हटलं, डाळ का शिजली नाही, मलकापुरात पाऊस कसा आठवडाभर हलत नाही, खैरूनच्या धाकट्या भावाच्या, बाबालालच्या, शाळेचं काय करायचं. धैर्यशीलच्या, म्हणजे मोनाच्या बापाच्या, वेळी तानाबाई रजेवर होत्या, तर खैरून बदली ऑपरेटरला रोज विचारायची, "ताना मोकळी झाली का?" मुलगा झाल्याचं तिला कळलं आणि दोन दिवसांनी मलकापूरच्या एसटीच्या कंडक्टरनं एक डबा आणून दिला. आत जवसाची चटणी. सोबत निरोप, बाळंतिणीला चांगली असते. मग ते चालूच झालं. डबा चटणी घेऊन यायचा आणि भडंग घेऊन परत जायचा.

मलकापूर काही लांब नव्हतं. दीड-दोन तासांचा रस्ता. पण त्या दोघी कधी भेटल्या नाहीत. हिची सुट्टी तेव्हा तिची ड्यूटी. घरची कामं, पोरं, पाहुणेरावळे. आणि रोजच्या रोज बोलणं होतच होतं, तेव्हा मुद्दाम भेटायची घाई कुणाला होती? खैरून उंच की बुटकी, गोरी की सावळी, तानाबाईंना ठाऊक नव्हतं. तिला सर्दी झालीय, ती खोटं बोलतेय, ती रडून आलीय, हे मात्र पहिल्या शब्दाला कळायचं.

मग मलकापूरला ऑटोमॅटिक एक्सचेंज आलं. लोकांना खूप आनंद झाला, आता स्वतःच नंबर फिरवायचा. तो लहानसा बोर्ड निघणार होता आणि खैरूनची बदली व्हायची होती. कुठं, ते ठरलं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी ती घाईनं म्हणाली, "ताने, रविवारी मी कोल्हापुरात येतीया. बहिणीकडं, लाईनीत. दाजी खात्यात हाईत न्हवं का. धा वाजता ये. कोपऱ्यावर पिंपळ हाय, पारावर बसते. लई म्हत्त्वाचं बोलायचं हाय. हितं न्हाय बोलता येत."

"येते की. पर वळखायचं कसं गं?"

"तू नुसतं तोंड उघड. मी वळखते."

तेवढ्यात अर्जंट कॉल आला आणि बोलणं तुटलं. पुढचे दोन दिवस लाईन पावसानं बंद होती.

रविवारी तानाबाई अबोली रंगाची साडी नेसल्या. मालक आरशात भांग पाडता पाडता म्हणाले, "आवाजाला भेटायला चाललीस व्हय?" त्या हसल्या आणि गावाच्या टोकाच्या लाईन बाजार भागात गेल्या. त्यांची मावशी लाईन बाजारात राहायची. त्यांच्या घरात नुसतं 'लाईनीत' म्हटलं तरी तेवढंच कळायचं. खैरूनचे दाजी खात्यात, म्हणजे आपल्याच टेलिफोनात, असं त्यांनी धरलं होतं. कोपऱ्यावर पिंपळ होता. पार होता. पारावर भाजीवाल्या होत्या, बस धरायला आलेल्या बायका होत्या. खैरून ओळखेल म्हणून तानाबाईंनी तोंड उघडायला सुरुवात केली. येईल त्या बाईला विचारायच्या, "किती वाजले ओ?" शेवटी एक म्हातारी भाजीवाली वैतागली. "बाई, मघाधरनं समद्या पेठंला वेळ इचारताय. तुमच्या मनगटावर घड्याळ हाय की!"

दुपार झाली, ऊन कलायला लागलं. भाजीवाल्या उठून गेल्या. तानाबाई घरी आल्या, साडी घडी करून ठेवली आणि स्वयंपाकाला लागल्या. सोमवारी बोर्डावर मलकापूरचा दिवा लागला नाही. तो पुढं कधीच लागला नाही.

पत्र टाकता आलं असतं. पण मनात एकच, यायचं तिनं ठरवलं, आली नाही ती, मग लिहावं तिनं. तिचंही पत्र आलं नाही. तोंडओळखसुद्धा नसलेल्या बाईवर रुसून बसलोय, हे कुणाला सांगायचं कसं? तानाबाई पुढं दुसऱ्या बोर्डावर गेल्या, मग कॉम्प्युटर आले, मग निवृत्ती आली. मालक गेले. फक्त बाजारात जवस दिसली की त्या मान वळवून पुढं जात.

मोनानं जवसाचं नाव काढलं त्याच्या दुसऱ्या संध्याकाळची गोष्ट. धैर्यशील दुकानातून उशिरा आला. वर्षाराणीनं दारातच विचारलं, "फोन तरी उचलायचा. कुठं होता?"

"लाईनीत गेलतो. एकाचा इन्व्हर्टर बंद पडलावता."

"लाईन बाजारात? एवढ्या लांब?"

"न्हाय गं. हितं, गावातल्या जुन्या पोलीस लाईनीत."

तानाबाई टीव्ही बघत होत्या. त्यांनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

"धैर्या, काय म्हणालास?"

"काय झालं आई?"

"नुसतं लाईनीत म्हणालास. आणि तुझ्या मनात पोलीस लाईन व्हती."

"व्हय. मग?"

"तिथं कोपऱ्यावर पिंपळ हाय का?"

धैर्यशीलनं डोकं खाजवलं. "हाय की. मोठा हाय. पार बांधलाय त्याला. का गं?"

"आणि पोलिसातला माणूस... तो आपल्या नोकरीला काय म्हणतो? खात्यात हाय म्हणतो का?"

"सगळेच म्हणतात. पोलीस म्हटलं की खातं."

तानाबाईंनी रिमोट खाली ठेवला. मग एकदम म्हणाल्या, "बसलीवती गं बाई ती तिथं. बसलीवती," आणि पदर तोंडाला लावला. तिघं घाबरून जवळ आली. मग डबा, भडंग, अबोली साडी, भाजीवाली, सगळं बाहेर आलं. सांगता सांगता त्यांना मध्येच हसू येत होतं आणि मध्येच आवाज बसत होता. धैर्यशील आईकडं बघतच राहिला. आपण जन्मलो तेव्हा कुणी परकी बाई मलकापुरात बसून रोज आपली चौकशी करत होती, हे त्याला आज कळत होतं.

"दोन्ही एकच शब्द आहे आज्जी," मोना हळूच म्हणाली. "पलटणीच्या राहुट्या ओळीनं असायच्या, त्याला लाईन म्हणायचे. पोलिसांच्या खोल्या तशाच. बाजाराचं नावही बहुतेक तसंच पडलं असणार."

"शब्द एक असंल," तानाबाई म्हणाल्या. "पिंपळ दोन व्हते."

रविवारी आजी-नात सकाळच्या एसटीनं मलकापूरला निघाल्या. धैर्यशील गाडीनं सोडतो म्हणाला होता, पण तानाबाईंना एसटीच हवी होती. त्यांनी खिडकी धरली. वाघबीळ आलं, पन्हाळ्याचा फाटा मागं पडला, बांबवडे आलं. प्रत्येक स्टॉपला त्या मोनाला काही ना काही सांगत होत्या. ह्या गावाचे सरपंच फोनवर इतक्या मोठ्यानं बोलायचे की कानाला दडे बसायचे. त्या गावचा एक पोरगा पुण्याला कॉल लावायचा आणि तीन मिनिटं नुसता हुंदके द्यायचा. मोनानं विचारलं, "आज्जी, तू ह्या रस्त्यानं बऱ्याचदा आलीस?" तर म्हणाल्या, "आज पयल्यांदाच बघतीया." ही सगळी गावं त्यांनी कानांनीच फिरलेली होती. उसाच्या शिवारांतून पूर्वी टेलिफोनचे खांब जात असणार. त्या ते शोधत होत्या. दिसत होते ते मोबाईलचे टॉवर.

मलकापूरच्या स्टँडवर उतरल्यावर मोनाला वाटलं, आता दिवसभर हिंडावं लागणार. तसं झालं नाही. स्टँडसमोर मिक्सर-शेगड्या दुरुस्तीचं दुकान होतं. पांढऱ्या दाढीचा एक माणूस स्टुलावर बसून मिक्सरचं भांडं उलटंपालटं करत होता. तानाबाईंनी विचारलं, "जुन्या टेलिफोनातल्या खैरुनबी कुठं राहतात, सांगता का?"

त्यानं मान वर केली. "कुठनं आलासा पावणं?"

"कोल्हापूर एक्सचेंजमधनं."

आता कुठलं एक्सचेंज आणि कुठलं काय! पण त्यांच्या तोंडून तेच आलं. तो माणूस भांडं खाली ठेवून उठलाच. "ताना न्हवं तुम्ही? भडंगवाल्या?"

तो बाबालाल होता. खैरूनचा धाकटा भाऊ, ज्याच्या शाळेची काळजी दोघींनी मिळून केली होती. त्या भडंगातलं निम्मं तर त्याच्याच पोटात गेलेलं. त्यानं दुकान शेजाऱ्याच्या भरवशावर सोडलं आणि पुढं होऊन चालायला लागला. चालता चालता म्हणाला, "खैरुनआपाचा नवरा रत्नागिरीकडचा. रिटायर झाले तसे दोघं हिकडं आले. भावजी गेले दोन वर्सं झाली. आता पोराकडं असती, अझहरकडं." मग जरा थांबून म्हणाला, "एक सांगून ठिवतो. तिला आता ऐकू येत न्हाय. मशीन लावलंय, पर समोरचं माणूस बोललेलं काय धड कळत न्हाय तिला."

तानाबाई रस्त्यातच उभ्या राहिल्या. तोंड उघड, मी ओळखते, असं म्हणणारी ती. मोनानं आजीचा हात धरला.

अंगणात खाटेवर पांढरं कापड अंथरून एक बाई नाचणीचे पापड घालत होती. लहानखुरी, गोरी, नाकात चमकी, डोक्यावरून पदर. तानाबाईंनी मनात जी खैरून ठेवली होती ती चांगली उंच आणि धिप्पाड होती. त्या जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "खैरू."

त्या बाईनं वर बघितलं. ओठांकडं बघितलं. मग पाहुण्यांना म्हणतात तसं म्हणाली, "बसा की पावणं. अझहर बाहीर गेलाय, यील आता."

"अगं, मी ताना."

"व्हय, व्हय. बसा. सुहाना, पाणी आण गं."

सुहाना म्हणजे अझहरची लेक, मोनाच्याच वयाची. ती तांब्या घेऊन आली, बाबालालनं तिला दोन शब्दांत सगळं सांगितलं. त्यानं पुढं होऊन बहिणीला खुणा करायला हात उचलला, तर सुहानानं त्याला थांबवलं. "थांबा दादा. दादीचं मशीन फोनला जोडलंय. समोर बोललेलं कळत नाही, पण फोनवरचं थेट कानात येतंय. फोनवर ती सगळं ऐकते. नंबर घ्या."

मोनानं नंबर लावला आणि मोबाईल आजीच्या हातात दिला. खाटेवर उशीखाली फोन वाजायला लागला. खैरुनबीनं पिठाचा हात पदराला पुसला, फोनवरचं बटण दाबलं आणि पापडांकडं बघतच बोलली, "हॅलो?"

दोघींमध्ये फक्त एक खाट होती. तानाबाईंनी फोन कानाला लावला. मग पूर्वी दिवसातून शंभरदा म्हणत तेच त्या म्हणाल्या.

"मलकापूर? कोल्हापूर हाय."

खैरुनबीचा हात पापडावर थांबला. मान खाली घालूनच ती हळूच म्हणाली, "लई उशीर केलासा. तुमचा कॉल कवाच क्यान्सल झालाय."

"परत बुक करते की. अर्जंट."

"ताने." मग तिनं मान वर केली. समोरच्या बाईचे ओठ हलतायत आणि त्याच वेळी कानात आवाज येतोय, हे तिच्या ध्यानात यायला एक क्षण लागला. "या अल्ला! ही तू? मला वाटलं जनगणनेवाली हाय!"

बाबालाल तोंड फिरवून डोळे पुसायला लागला. मोना आणि सुहाना एकमेकींना ओळखतही नव्हत्या, पण दोघी एकदम हसल्या.

तानाबाई खाटेच्या कडेवर बसल्या. दोघींनी हातात हात घेतले, पण फोन काही बंद केले नाहीत. खैरुनबीनं पहिलं काम केलं ते भांडायचं.

"कुठं मेलीवतीस त्या दिशी?"

"लाईनीत."

"खोटं बोलू नगंस. लाईनीत मी व्हते. पारावर बसून बसून पाय मोडलं माझं. माझी बहीण म्हणाली, हिंदूची बाई, न्हाय यायची ती तुझ्याकडं. मी तिच्याशी भांडले, म्हटलं ताना तसली न्हाय. आणि तू आली न्हाईस."

हे तानाबाईंनी कधी मनातही आणलं नव्हतं. आपण रुसलो त्याहून हे जास्त लागणारं होतं. त्यांनी खैरुनबीचा हात घट्ट दाबला. "मी लाईन बाजारात व्हते गं बये. दीस कलस्तोवर. तुझी पोलीस लाईन व्हती, माझ्या डोक्यात बाजार. दाजी खात्यात म्हणालीस, मला वाटलं आपल्या खात्यात."

खैरुनबी ऐकत होती. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आधी काही कळेना, मग कळलं, मग तिनं कपाळावर हात मारून घेतला. कपाळाला पीठ लागलं. "जलमभर लोकास्नी लाईन जोडून दिली की गं आपण! राँग नंबर आपल्याच नशिबी?"

दोघी इतक्या हसल्या की खाट हलायला लागली आणि सुहानानं धावत येऊन पापडांचं कापड सावरलं.

जरा वेळानं तानाबाईंनी विचारलं, "म्हत्त्वाचं काय बोलायचं व्हतं तुला? फोनवर बोलता न्हाय येत म्हणालीवतीस."

"काय न्हाय गं. स्थळ आलंवतं. रत्नागिरीचं. बिजवर, वयानं थोराड, डोक्यावर एक केस न्हाय. घरचे लई मागं लागलेवते. म्हटलं तानाला फोटो दावते, ती म्हणंल ते करते."

"आणि मग?"

"मग काय. तू आली न्हाईस. रागारागानं बसले एसटीत आणि घरी जाऊन व्हय म्हणून टाकलं."

"खैरू... कसा निघाला गं?"

खैरुनबी घराच्या दाराकडं बघत राहिली. तिथं खुंटीला अजून एक लोकरीची कानटोपी टांगलेली होती. "सोन्यासारखा निघाला. मला नोकरी सोडू दिली न्हाय. मुली दोन झाल्या, मग अझहर, कधी तोंड वाकडं केलं न्हाय. कान गेलं माझं, तर रोज संध्याकाळी पेपर हातवारे करून सांगायचा. गेला, तवाधरनं घरात लई शांत वाटतंय." मग तिनं तानाबाईंकडं रोखून बघितलं. "तू फोटो बघून काय म्हणाली असतीस, खरं सांग."

"टकल्या बिजवराला? न्हायच म्हणाले असते."

"मग बरं झालं तू बाजारात बसलीस."

दुपारी अझहर आला. तो शेतीच्या औषधांच्या दुकानात कामाला होता. पाहुण्या कोण ते कळल्यावर त्यानं जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाकारलं, आणि जेवल्यावर संध्याकाळपर्यंत. दोघी अंगणात फोन चालू ठेवून समोरासमोर बसल्या होत्या. येणारेजाणारे थांबून बघत होते. एकानं बाबालालला विचारलंही, "काय ओ, भांडण हाय का दोघींचं? समोर बसून फोनवर बोलत्यात ते."

कॉलेजातल्या स्पर्धेत मोनाला बक्षीस मिळालं नाही. पाच मिनिटं संपल्याची घंटा वाजली तेव्हा तिची लाईन जवसातून निघून जेमतेम टेलिफोनच्या तारेपर्यंत पोचली होती. 'सेट'वाल्या पोरानं बाजी मारली. मोनाला त्याचं काही वाटलं नाही. तिला तोवर सुहाना भेटली होती, आणि दोघींचं सारखं चॅटिंग चालायचं. सुहानाला फार्मसीला जायचं होतं, कोल्हापुरात जागाही मिळत होती. पण हॉस्टेलला नंबर लागत नव्हता आणि एकटीला खोली घेऊन ठेवायला अझहर तयार नव्हता.

जूनमध्ये एका सकाळी अझहर खैरुनबीला आणि सुहानाला घेऊन मंगळवार पेठेत आला. सुहानाची बॅग मोनाच्या खोलीत गेली. हॉस्टेल मिळेपर्यंत म्हणून आली होती ती. वर्षाराणीनं एका आठवड्यातच सांगून टाकलं, की हॉस्टेलचं नाव काढायचं नाही, घरात दोन पोरी असल्या की मोना वेळेवर उठते. धैर्यशीलनं भिंतीला आणखी एक पॉईंट काढून दिला आणि एका फॅनखाली कुणी झोपायचं यावरून दोघींची रोज वादावादी सुरू झाली.

सुहानाला सोडायला आला त्या दिवशी अझहर संध्याकाळी निघायला उठला, तेव्हा खैरुनबी खिडकीशी बसून समोरच्या गल्लीतली पोरं बघत होती. तानाबाईंनी फोन लावला आणि विचारलं, "जातीस?"

"अझहर जाईल की," ती म्हणाली. "मी उद्या रंकाळा बघणार हाय. तुझ्या तोंडनं लई ऐकलाय, खरा हाय का न्हाय ते बघू दे."

अझहर गाडीची किल्ली हातात धरून दारात उभा होता. तानाबाईंनी त्याला हातानंच जा म्हणून सांगितलं आणि सुनेला आत हाक मारली, आणखी एक गादी काढायला.